भजनी माणूस बास लाइनमध्ये: पावसाळी कॉयर वर्कशॉपचा रिव्ह्यू

सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी फोंड्याचा, घरात तीन पिढ्यांचं भजन, चवथीला (गणेश चतुर्थीला) घुमट-आरती (घुमट म्हणजे मडक्यासारखं तालवाद्य), पेटी बऱ्यापैकी वाजवतो, आणि स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेलं पाश्चात्त्य संगीत, माझ्यासाठी पाच दोऱ्यांवर वाळत टाकलेली सुकी मासळी. अशा माणसाने 2025 च्या पावसाळ्यात पणजीच्या बाजूच्या एका गावातल्या कॉयर (अनेक आवाजांत एकत्र गाणारा चमू) वर्कशॉपला तीन हजार रुपये भरले आणि 7 सप्टेंबरला चॅपेलमध्ये उभं राहून विवाल्दी या जुन्या इटालियन संगीतकाराचं मॅग्निफिकात गायलं. त्याचा हा रिव्ह्यू. वर्कशॉप घेणाऱ्यांचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि ती माणसं आता माझ्या ओळखीची झालीत, उगाच कशाला.

गेलो कसा, तर ऑफिसातला एक कलीग तेनोर (पुरुषांचा वरचा आवाज) गातो, त्याने डबा खाता खाता सांगितलं की बासला (पुरुषांच्या खालच्या आवाजाला) माणसं कमी पडतायत, नोटेशन येत नसलं तरी घेतात, फक्त सूर पक्का हवा. आता सूर पक्का हवा म्हटल्यावर भजनातल्या माणसाला राहवतं का. आईला सांगितलं, जरा भीतच, तर ती म्हणाली, देवाचंच म्हणणार ना, मग म्हण की, पण रात्री जेवायला वेळेवर ये.

आधी हे मॅग्निफिकात काय ते सांगतो, मलाही जुलैपर्यंत माहीत नव्हतं. लूकच्या शुभवर्तमानात पहिल्या अध्यायात मारिया, दिवस गेलेले असताना, आपल्या नात्यातल्या वयस्क एलिझाबेथकडे जाते, तीसुद्धा गरोदर, दोघी भेटतात आणि मारिया जे गाते ते हे. म्हणजे बघा, एक साधी गावातली पोर, पोटुशी, आणि गाते काय, तर देवाने सत्ताधाऱ्यांना आसनावरून खाली ओढलं, दीनांना वर नेलं, भुकेल्यांना पोटभर दिलं आणि श्रीमंतांना रिकाम्या हाताने परत पाठवलं. मी अर्थ वाचला तेव्हा पहिलं मनात आलं ते जातं. आपल्याकडे जात्यावर बसलेली बाई अशीच देवाशी बोलते, घरातली गोष्ट सांगता सांगता एकदम राजालाच धरते. कॅथलिकांच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत, म्हणजे वेस्परमध्ये, हे रोज म्हणतात. गोव्यात फेस्ताच्या आदल्या संध्याकाळी वेस्पर असतं ते आपल्या हिंदूंनाही माहीत असतं, निदान फटाक्यांच्या आवाजाने तरी. 8 सप्टेंबर मारियाचा जन्मदिवस, म्हणून आमचा कार्यक्रम 7 ला.

वर्कशॉप कागदावर अठरा सेशनचं, मंगळवार आणि शुक्रवार, साडेसहा ते आठ. प्रत्यक्षात सतरा झाली कारण एक शुक्रवार 15 ऑगस्टला आला, स्वातंत्र्यदिन आणि सायबिणीचं (मारियाचं) फेस्त एकाच दिवशी, मग कोण येणार. त्याचे पैसे कापून दिले नाहीत, एक्स्ट्रा सेशनही नाही. सतरा गुणिले दीड म्हणजे साडेपंचवीस तास, आणि पीस किती मिनिटांचा, तर साधारण पंधरा. हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, एवढ्या वेळात माझी नेवऱ्यांची (करंज्यांची) ऑर्डर दोनदा झाली असती. (ती चवथीला नेवऱ्यांच्या ऑर्डरी घेते.)

जागा चांगली. जुन्या बांधणीचा हॉल, उंच छप्पर, मंगलोरी कौलं, आवाज छान घुमतो, पण जुलैचा पाऊस कौलांवर पडायला लागला की पियानिस्सिमो (अगदी हळू गाणं) विसरा. चार पंखे, त्यातला एक बासच्या बरोबर डोक्यावर आणि पानं उडतात, म्हणून कपड्यांचे चिमटे घेऊन जा, मी तिसऱ्या दिवसापासून नेले आणि मग अख्ख्या बास सेक्शनने माझ्याकडूनच घेतले. पार्किंग गेटच्या आत फक्त स्कूटर, कार रस्त्यावर लावावी लागते. फोंड्याहून येणाऱ्यांनी भोम आणि बाणस्तारीच्या ट्रॅफिकचा विचार करूनच निघावं, मी दोनदा वॉर्म-अप चुकवलं.

आता शिकवणारे. सगळे त्यांना मेस्त म्हणतात, चर्चच्या कॉयर मास्टरला जुनी माणसं म्हणतात तसं. साठीचे असतील, लहानपणी गावच्या चर्चच्या शाळेत सोल्फा (पाश्चात्त्य सारेगम) आणि व्हायोलिन शिकले, त्या शाळांनी गोव्याला किती वाजवणारे दिले ते वेगळं सांगायला नको, मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात अर्धे तेच होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला एक स्केल गायला लावलं, मी आपलं सारेगमप गायलो, ते ऐकून म्हणाले, "बरें. तूं बास. थंय बस." संपली ऑडिशन.

जर्मन संगीतकार बाखचं मॅग्निफिकात का नाही असं एका मुलीने विचारलं, ते जास्त फेमस आहे म्हणून. तर मेस्त म्हणाले, बाखला कॉयर पाच आवाजांचा लागतो, वर तीन ट्रम्पेट आणि टिम्पनी, आणि आपल्याकडे तेनोर आहेत एकूण तीन, त्यातला एक नाइट शिफ्टवाला. विवाल्दीचं जी मायनरमधलं, आर व्ही 610 नंबरचं, चार आवाज, व्हायोलिनवगैरे तंतुवाद्यं आणि दोन ओबो (सनईसारखी वाद्यं), झालं. आमच्यासारख्यांना झेपेल असं. झेपेल हा शब्द त्यांनी जरा घाईत वापरला असं मला नंतर वाटलं.

विवाल्दीबद्दल ब्रेकमध्ये जे सांगायचे ते मला क्लासपेक्षा जास्त आवडायचं. व्हेनिसचा, जन्म 1678, केस लाल म्हणून लोक तांबडा पाद्री म्हणायचे, 1703 साली पाद्री झाला आणि त्याच वर्षी तिथल्या पिएता नावाच्या अनाथालयात मुलींना व्हायोलिन शिकवायला लागला. टाकून दिलेल्या पोरी त्या. त्यांचा कॉयर आणि ऑर्केस्ट्रा असा की बाहेरगावचे लोक ऐकायला यायचे, आणि पोरी गायच्या वर सज्जात जाळीच्या मागे, दिसायच्या नाहीत. खालचे आवाजसुद्धा तिथल्या बायकाच गात असाव्यात असं म्हणतात, म्हणजे आम्ही बासवाले जे मिशीवर ताव मारून गात होतो ते मुळात एखाद्या बाईने गायलेलं असणार. आडनावं नाहीत, म्हणून वाद्यावरून ओळखायचे, एक जण आन्ना मारिया दाल व्हिओलिन, म्हणजे व्हायोलिनवाली आन्ना मारिया. पुढे 1739 च्या सुमाराला विवाल्दीने याच मॅग्निफिकातमध्ये पाच नवीन सोलो घातले आणि कुठला सोलो कोणाचा ती नावं हस्तलिखितावर लिहून ठेवली. अपोलोनिया, किआरेत्ता, अंब्रोसिना. मला लगेच आपल्याकडच्या गायिका आठवल्या, केरीची म्हणून केसरबाई केरकर, कुर्डीची म्हणून मोगूबाई कुर्डीकर, गाव तेच आडनाव. मी हे मेस्तांना सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. केसरबाई त्यांनाही माहीत होत्या.

आणि हा माणूस 1741 मध्ये व्हिएन्नात गरिबीत मेला आणि लोक त्याला विसरले, हस्तलिखितांचे गठ्ठे 1920 च्या दशकात सापडले, आता ती तोरिनोच्या लायब्ररीत आहेत. जवळजवळ दोनशे वर्षं कपाटात.

बरं आता मुद्द्याचं, नोटेशन न येणाऱ्या भजनी माणसाला हे जमतं का.

मी काय केलं, पांढरी पाचला सा धरला (जी म्हणजे आपली पांढरी पाच), गंधार कोमल, आणि फोटोकॉपीवर पेन्सिलीने सगळं सारेगम लिहून काढलं. पहिल्या दोन ओळी मस्त गेल्या. तिसऱ्या ओळीत सा हरवला. सुरुवातीचा भाग संथ आहे, सगळे एकदम एकेक शब्द म्हणतात, ऐकायला सोपा वाटतो, पण प्रत्येक शब्दाला खालची जमीनच सरकते, कोमलचा शुद्ध होतो, शुद्धचा तीव्र, आता आपण कुठल्या घरात उभे आहोत तेच कळत नाही. भजनात तंबोरा असतो, पेटीचा सा दाबून ठेवलेला असतो, कितीही फिरलात तरी घर तिथेच असतं. इथे घर बरोबर घेऊन फिरायचं. शेजारचे रिटायर्ड बँकवाले अंकल, पन्नास वर्षं चर्चमध्ये बास गाणारे, त्यांनी माझं सारेगम बघितलं आणि म्हणाले, "पुता, हें कितें, डॉक्टराचें प्रिस्क्रिप्शन?" मग त्यांनी एक युक्ती सांगितली, आपला स्वर शोधायचा तो आपल्या आधीच्या स्वरात नाही, शेजारच्या आल्तोवाल्या (आल्तो म्हणजे बायकांचा खालचा आवाज) मुलीच्या स्वरात शोधायचा, तिचा सूर ऐकला की आपला त्याच्याखाली आपोआप बसतो. चार आठवड्यांनी मला ते जमायला लागलं. साडेपंचवीस तासातली सगळ्यात कामाची गोष्ट ही, आणि ती शिकवली फी न घेणाऱ्याने.

दुसरी अडचण अशी की बासची लाइन एकटी गायली तर ती चालच नाही. मी घरी प्रॅक्टिस करायचो तर मुलगा म्हणायचा, बाबा, मोटरसायकल स्टार्ट होत नाहीये का. भजनात सगळे एकच चाल म्हणतात, कोणी चुकला तरी लोंढ्याबरोबर वाहून पलीकडे पोचतो. इथे चाल चौघांत वाटून घेतलेली, तुमच्या वाट्याचा तुकडा पडला की भोक दिसतं. तिसऱ्या भागात, एत मिसेरिकोर्दिया, म्हणजे त्याची दया पिढ्यान् पिढ्या, तिथे एकामागोमाग एक आवाज येतो आणि वरचा खालच्याला मुद्दाम चोळून जातो, चिमटा काढल्यासारखा, मला वाटायचं कोणीतरी चुकतंय, मेस्त ओरडायचे, नाही नाही, ते तसंच आहे, तिथेच थांबा, पळू नका. दीड सेशन त्या चिमट्यावर गेलं. तिथून पुढे फेचित पोतेन्त्सियाम, एकदम जोरात आणि फास्ट, कदंबा बस सुटलेली असताना मागून धावत चढल्यासारखं.

आणि मग पाचवा भाग.

देपोसुइत पोतेन्तेस. ज्यात सत्ताधाऱ्यांना खाली ओढतात तो. मेस्तांनी पान उलटायला सांगितलं, मी बघतो तर चारही लाइनींवर मासळी सारखीच. म्हटलं फोटोकॉपी चुकली. नाही, इथे विवाल्दीने सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज), आल्तो, तेनोर, बास, खाली व्हायोलिनं, सगळ्यांना एकच चाल दिलीय, फक्त ज्याची त्याची सप्तकं वेगळी. हार्मनी नाही, काही नाही. अख्ख्या पीसमध्ये राजा-सरदारांना खाली खेचायची ओळ आली तेव्हाच सगळे एका सुरात. तो आमचा सातवा क्लास होता आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा पूर्ण आवाज लावला, म्हणजे नदीपलीकडे ऐकू जाईल असा, सप्ताहात पहाटे चार वाजता जो लागतो तो. मेस्तांनी हात वर करून थांबवलं. मला वाटलं आता ऐकून घ्यायचंय. ते बाकीच्यांना म्हणाले, असं. असं हवं मला. जाळीमागे उभे असल्यासारखे गाऊ नका. (मग मला बाजूला घेऊन सांगितलं की फक्त इथेच, बाकीकडे निम्मा.)

तक्रारी आता. एक, फोटोकॉप्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या, बायकांच्या आणि पुरुषांच्या वेगळ्या, त्यामुळे बार नंबर, म्हणजे नोटेशनमधल्या खान्यांचे नंबर, जुळत नाहीत, "बार बावीसपासून" म्हटलं की अर्धे एकीकडे अर्धे दुसरीकडे, हे पाच आठवडे चाललं. तीन हजार घेता तर एकच पुस्तक सगळ्यांना द्या ना. दोन, व्हॉट्सअ‍ॅपवर प्रॅक्टिससाठी ऑडिओ टाकणार म्हणाले, टाकले, फक्त सोप्रानोचे. बासवाल्यांचे शेवटपर्यंत "उद्या टाकतो". शेवटी अंकलनी आपल्या घरी, मागे कुकरची शिटी, असे रेकॉर्ड करून पाठवले, अजून माझ्या फोनवर आहेत. तीन, व्हायोलिनवाले शेवटच्या दोन रिहर्सलनाच आले, आणि ओबो आलेच नाहीत. आठव्या भागात, सिकुत लोकुतुस एस्त, तिथे दोन ओबोंची गप्पा मारल्यासारखी चाल आहे, सगळी गंमत तीच, ती दोन व्हायोलिनवर वाजवली. गोव्यात ओबो मिळणं कठीण, मान्य, पण जाहिरातीत "मूळ वाद्यमेळासह" लिहू नका मग. त्या भागात तेनोरना काम नाही, ते तिघे मागे उभे राहून मोबाइल बघत होते, तेही बरं दिसत नव्हतं.

लॅटिनचं टेन्शन मात्र घेऊ नका. मेस्त चर्चचा इटालियन उच्चार घेतात, मान्यिफिकात, फेचित, एसुरिएन्तेस, आणि हे देवनागरीत जसंच्या तसं लिहिता येतं, इंग्लिशमध्ये लिहून घेणारी मुलं "मॅग्निफाय कॅट" करत बसली होती. मी माझा कागद देवनागरीत लिहिला तर दोन सोप्रानो मुलींनी, एक वाळपईची आणि एक पेडण्याची, त्याची कॉपी मागून घेतली.

चवथ मध्ये आली, 27 ऑगस्टला. दोन सेशन माझी बुडाली, 26 ची आणि 29 ची, माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायची की फ्यूग (एकच चाल एकेका आवाजाने मागोमाग उचलायची तो भाग) शिकायचा. पण 29 ला क्लास संपल्यावर बास सेक्शन आणि मेस्त, सात जण, थेट फोंड्याला माझ्या घरी दर्शनाला आले, नेवऱ्या खाल्ल्या, आरतीला उभे राहिले. अंकलनी घुमट हातात घेतलं आणि वाजवलं, मांडोला (गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांचं पारंपरिक गाणं) वाजवतात तसं, आमचे काका खूश. आणि मग ऐका, आरती आम्ही सगळे एका चालीत म्हणत होतो आणि मागून हे सात जण हळूच खाली बास धरून बसले. काकांनी मागे वळून बघितलं. म्हणाले नाहीत काही, पण पुढची आरती जरा सावकाश घेतली.

7 सप्टेंबरची संध्याकाळ. त्या दिवशी पौर्णिमा, आणि रात्री खग्रास चंद्रग्रहण. रात्री दहाच्या आसपास ग्रहण लागणार म्हणून दुपारी एकच्या सुमारास वेध सुरू, आई म्हणाली आता सुटेपर्यंत काही खायचं नाही, पाणी पी. म्हणजे मी उपाशी गायला उभा. आणि सहावा भाग कोणता, एसुरिएन्तेस, भुकेल्यांना त्याने चांगल्या वस्तूंनी तृप्त केलं. ते दोन सोप्रानो गातात, आम्ही नुसते उभे, खाली चेलो टुणटुण चालत राहतो, आणि चॅपेलच्या मागच्या खोलीतून उकडलेल्या चण्यांचा वास. लदीन (मारियाची सामुदायिक प्रार्थना) झाल्यावर देतात ते चणे, खोबरं घातलेले. त्या दोघी सुंदर गायल्या असं सगळे म्हणतात, मी खरं सांगतो, माझं लक्ष नव्हतं.

बाकी कार्यक्रम कसा झाला? सुरुवात थरथरत झाली, तेनोर एकदा आत शिरायचे विसरले, एत मिसेरिकोर्दियाचा चिमटा मात्र बरोबर बसला, त्या जागी पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईने मान हलवली ती मला दिसली. देपोसुइतला मी सोडला आवाज. चॅपेल छोटं, चुन्याच्या भिंती, आवाज परत येऊन छातीवर आदळतो, हॉलमध्ये हे कधीच कळलं नव्हतं. शेवटच्या ग्लोरियात अगदी सुरुवातीचेच स्वर परत येतात, शब्द पण तसेच, जसं आरंभी होतं तसं आता आणि सदैव, आणि जुलैत जिथे माझा सा हरवला होता त्याच जागी आम्ही परत आलो, या वेळी आल्तोवाली मुलगी होती बरोबर. शेवटच्या स्वरानंतर मेस्तांनी हात खाली आणायला वेळ लावला, कौलांवरून पागोळ्या गळत होत्या तेवढंच ऐकू येत होतं, आणि मग कोणाचा तरी फोन वाजला.

चणे खाल्ले की नाही विचारू नका, आई हे वाचते.

रेटिंग द्यायचं तर शिकवणं पाचपैकी पाच, मॅनेजमेंट दोन. एकूण साडेतीन. पुढच्या पावसाळ्यात परत बॅच आहे म्हणतात, या वेळी बाखचा विचार चाललाय असं ऐकतो, तेनोर मिळाले तर. जाणार असाल तर चिमटे न्या, पेन्सिल न्या, बासमध्ये बसणार असाल तर डावीकडून दुसरी खुर्ची पकडा, अंकलच्या बाजूची, आणि फोटोकॉपी हातात आली की पहिल्यांदा शेजारणीच्या कॉपीशी बार नंबर ताडून बघा.